हंसपदावरचा 'ने'

हिंदीच्या वह्या तपासताना माझ्या हातून सगळ्यांत जास्त वेळा उमटतं ते हंसपद. ओळीच्या पायथ्याशी, दोन शब्दांच्या फटीत एक टोकदार खूण आणि वर एकच अक्षर, 'ने'. समोर 'मैं रोटी खाया' असं लिहिलेलं असतं. मी 'मैं'च्या पुढे खूण करते, वर 'ने' लिहिते, मग 'खाया' खोडून 'खाई' करते. तो एक 'ने' आला, की क्रियापद कर्त्याकडे पाठ करून रोटीकडे वळतं. पानभर अशा खुणा झाल्या, की ओल्या मातीवरून एखादा पक्षी चालत गेल्यासारखं दिसतं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याच्याही पुढ्यात असंच एखादं पान असणार.

आमचा वर्ग भरतो हैदराबादच्या बरकतपुऱ्यात, आमच्याच अपार्टमेंटच्या तळमजल्यावर, असोसिएशनच्या खोलीत. एका भिंतीला पाण्याच्या टँकरच्या हिशेबाचा फळा, दुसऱ्या भिंतीला माझा. नलगोंड्याकडची एक नर्स येते. केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे तिला 'प्रबोध'ची परीक्षा द्यायची आहे. तिच्यापुढे 'प्रवीण' आणि 'प्राज्ञ' उभ्याच आहेत. शेजारच्या गल्लीतल्या दोघी शाळकरी बहिणी येतात, त्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांना बसणाऱ्या. नांदेडचा एक मुलगा येतो, कोटीतल्या पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे आणि रात्री स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. हिंदी बोलतो फाडफाड, लिहायला बसला की अडतो. आणि एक निवृत्त तेलुगू शिक्षक, ज्यांना सगळे 'मास्टारु' म्हणतात. त्यांना परीक्षा नाही. मुलगा दिल्लीत, सून तिकडची, नातू फक्त हिंदी बोलतो. फोनवर नातवाला काय सांगायचं ते आदल्या संध्याकाळी लिहून आणतात आणि माझ्याकडून तपासून घेतात.

या सगळ्यांच्या वहीत तोच एक 'ने' नसतो. प्रत्येकाकडे तो नसण्याचं कारण मात्र वेगळं.

नांदेडच्या मुलाला तो यायला हवा होता असं वरवर पाहता वाटतं. मराठीत 'ने' आहेच. शाळेत आपण सगळ्यांनीच कर्तरी, कर्मणी, भावे घोकलेले असतात. 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'शिपायाने चोरास पकडले' ही वाक्यं विसरलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. पण मराठीची एक खोड आहे. रामाला, त्याला, तिला, त्यांना ती 'ने' देते आणि 'मी' नि 'तू' यांना मात्र तसंच सोडते. 'त्याने पोळी खाल्ली', पण 'मी पोळी खाल्ली'. क्रियापद पोळीच्याच मागे जातं, प्रयोग कर्मणीच, फक्त 'मी'च्या अंगावर त्याची काही खूण नाही. त्यामुळे हा मुलगा 'उसने' बरोबर लिहितो आणि 'मैं'पाशी चुकतो. 'मैं रोटी खाई' असं त्याचं वाक्य होतं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि आतून पाहिलं तर अगदी सुसंगत.

मास्टारु आणि नर्स यांचा प्रश्न निराळा. तेलुगूत क्रियापद कर्त्याचं असतं, काळ कुठलाही असो. 'नेनु रोट्टे तिन्नानु' म्हटलं की 'तिन्नानु'च्या शेवटाला 'मी' बसलेला असतो. खाणारा सोडून क्रियापदानं खाल्लेल्या वस्तूचं ऐकायचं, ही कल्पनाच त्यांना पटत नाही. मास्टारुंनी एकदा फार गंभीरपणे विचारलं होतं, की खाल्लं मी, पोट भरलं माझं, मग क्रियापद रोटीचं का? मी त्यांना भूतकाळाबद्दल सांगितलं. संस्कृतात 'मया रोटिका खादिता' अशी रचना होती, काम होऊन गेल्यावर नजर करणाऱ्यावरून झालेल्या गोष्टीवर जायची, तिथून हे आलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत 'मैंने' दहा वेळा लिहिलं. मला त्यांच्या प्रश्नाचाच मान राखावासा वाटला. आमच्या शाळेत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आणि मग हैदराबाद. या शहरात रिक्षावाला, भाजीवाली, शेजारीण, बँकेतला कारकून सगळेच 'मैं खाना खाया', 'मैं उसको देखा', 'हम काम करे' असं बोलतात. इथल्या दखनीत 'ने' नाहीच. क्रियापद खाणाऱ्याचंच राहतं, तेलुगूसारखं. गोलकोंड्याच्या दरबारात १६३५मध्ये वजहीनं लिहिलेल्या 'सबरस'च्या काळातल्या दखनीत 'ने' कधी दिसतो, कधी दिसत नाही, कधी नको तिथे येतो. पुढच्या तीनशे वर्षांत बोलण्यातून तो गळाला. गळाला म्हणताना मला जरा अवघड होतं. गळतं ते जुनं झालेलं पान. इथं आजूबाजूला तेलुगू बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते, त्यांच्याशी रोजचा व्यवहार होता, आणि व्यवहारात ज्याची गरज पडली नाही ते लोकांनी हातात धरून ठेवलं नाही, इतकंच.

बेंजामिन शुल्त्झ नावाचा एक जर्मन पाद्री अठराव्या शतकात मद्रासला होता. तेलुगू शिकला, तिचं व्याकरण लिहिलं, आणि १७४१मध्ये हिंदुस्तानीचंही व्याकरण लॅटिनमध्ये लिहून पुरं केलं. ते पुढे जर्मनीत हाले इथं छापलं गेलं. हिंदुस्तानीच्या अगदी पहिल्या व्याकरणांपैकी ते एक. ग्रियर्सन साहेबांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात त्याची नोंद घेतली, आणि शुल्त्झला सकर्मक भूतकाळातला 'ने' ठाऊक नव्हता, असं तिथं म्हटलं. मी ते वाचलं तेव्हा वही तपासताना थांबतो तसा माझा हात थांबला. शुल्त्झनं हिंदुस्तानी ऐकली ती मद्रासच्या बाजारात, दक्षिणेतल्या माणसांच्या तोंडून. मला वाटतं, त्यानं कानावर पडलं तेच लिहिलं. त्याच्या आसपास कुणी 'मैंने' म्हणतच नसेल तर त्यानं तो कुठून आणायचा? व्याकरण लिहिणाऱ्यानं कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तो माझ्या टेबलावर येऊन बसतो.

नांदेडचा मुलगा एकदा म्हणाला, "काकू, आमच्याकडं तर समदे असंच बोलायलेत की. चूक कसं म्हणायलात?" मी त्याला सांगितलं, की चूक म्हणत नाही, परीक्षेत 'ने' लागतो म्हणून लावते. उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. मला स्वतःला 'ने' आवडतो. हिंदीतली एखादी चांगली कथा वाचताना तो 'ने' कर्त्याला जरासा बाजूला सरकवतो, आणि वाक्यातली वस्तू पुढे येते: चिठ्ठी, दार, रोटी, दिवा. ती रचना इथल्या मुलांना मिळावी असं मला मनापासून वाटतं. 'मैं चिट्ठी लिखा' म्हणणारी आजीसुद्धा मला तितकीच प्रिय आहे.

पुढच्या पाठात एक गंमत येते, ती शिकवताना मला दरवेळी आनंद होतो. कामताप्रसाद गुरूंचं व्याकरण काशीच्या नागरी प्रचारिणी सभेनं १९२०मध्ये काढलं, तेव्हापासून प्रत्येक हिंदी व्याकरणात 'ने'च्या अपवादांची यादी असते: लाना, भूलना, बोलना. ही क्रियापदं कर्म घेऊनही 'ने' घेत नाहीत. म्हणजे 'मैं बोला' हे प्रमाण हिंदीतही निखळ बरोबर. हैदराबादेत दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल, तर तेच. 'मैं बोला', 'वो बोली', 'कित्ते बार बोला'. फळ्यावर ते लिहिल्यावर धाकटी बहीण टाळ्याच वाजवते. आणि आणखी मागे गेलं, तर 'मैं' हा शब्दच मुळात संस्कृत 'मया'तून आलेला, म्हणजे 'माझ्याकडून'. 'ने'चं काम करणारं काहीतरी त्याच्या पोटात एकदा होतंच. पुढे ते विस्मरणात गेलं आणि हिंदीनं वरून पुन्हा एक 'ने' लावला. हैदराबादनं लावला नाही.

लिंगाच्या पाठाला मी नेहमी जास्त वेळ ठेवते. मराठी माणूस तीन लिंगं घेऊन येतो आणि हिंदीत त्याला दोनच मिळतात. मग आपल्या नपुंसकलिंगी वस्तूंची वाटणी सुरू होते. घर, पाणी, फूल मुकाट्यानं पुल्लिंगात जातात. पुस्तक आणि दुकान स्त्रीलिंगात. त्याहून अवघड म्हणजे घरातून निघताना एका लिंगाचे असलेले शब्द तिथं पोचेपर्यंत दुसऱ्या लिंगाचे होतात. आपला आवाज येतो, त्यांची आवाज़ आती है. आपला आत्मा, त्यांची आत्मा. आपला देह, त्यांची देह. आपला विजय होतो, त्यांची विजय होती है. आपल्याला मजा येते, त्यांना मज़ा आता है. व्यक्ती आपल्याकडे बाई असो वा पुरुष, ती स्त्रीलिंगीच. हिंदीत तीच पुल्लिंगी. या शब्दांपाशी मराठी माणूस जन्मभर अडखळतो. तो दिल्लीत तीस वर्षं राहिलेला असो, 'मजा' शब्द आला की त्याचं गाव कळतं.

तेलुगू बोलणाऱ्याला हे अडखळणं वेगळ्या जागी होतं. तेलुगूत एकवचनात पुरुष एका बाजूला, आणि बाई, खुर्ची, पाऊस, म्हैस हे सगळं दुसऱ्या बाजूला. 'वच्चाडु' म्हणजे तो आला. 'वच्चिंदि' म्हणजे ती आली, बस आली, मांजर आलं, पाऊस आला. नर्सनं मला हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जरा राग होता. बाईला वस्तूंच्या रांगेत का बसवलं, असं ती म्हणाली. मग तिनंच पुढे सांगितलं, की ज्यांचा मान ठेवायचा त्यांना ते 'वच्चारु' म्हणतात, आणि तिथं बाई-पुरुष हा भेदच राहत नाही. तिच्या वॉर्डात ती प्रत्येक पेशंटला, अगदी विशीच्या पोरालाही 'वच्चारु'च म्हणते. हिंदीतला 'आप' तिला त्यामुळे लगेच आला. खुर्ची स्त्रीलिंगी आणि पलंग पुल्लिंगी हे मात्र तिला अजून पटलेलं नाही. ती पाठ करते.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. गंपर्झ आणि विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर १९७१मध्ये एक लेख लिहिला, जो भाषाविज्ञानात आजही वाचला जातो. त्यांना असं दिसलं, की तिथल्या तिन्ही भाषांचे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकांसारखी होत गेली. इतकी, की एका भाषेच्या वाक्यात शब्दाजागी शब्द ठेवत गेलं तर दुसऱ्या भाषेचं वाक्य तयार होतं. तिथल्या उर्दूनं नदी, खुर्ची असल्या वस्तूंना स्त्रीलिंग देणं सोडलं. कन्नडमध्ये ते नाही ना, मग कशाला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मास्टारु म्हणाले, "मग हे गाव हैदराबादेतच आहे." ते खरंच आहे. इथं 'वो आता बोल के बोला' असं म्हणतात, तेव्हा ते 'बोल के' म्हणजे तेलुगूचं 'अनि' असतं, आपल्या 'म्हणून'च्या जागचं. 'ऐसाइच', 'मैंइच' यांतला 'च' आपला. 'नक्को' आपला. 'लोगां', 'बातां', 'किताबां' हे अनेकवचन या दखनीचं स्वतःचं. हिंदीत 'लड़के' आणि 'लड़कियाँ' यांच्यासाठी दोन वेगळ्या रीती पाठ कराव्या लागतात; इथं सरसकट 'आं' लावला की झालं. परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला सोपं पडेल असं काहीतरी या शहराच्या बोलीत आहे. ही बोली बोलणारे पुष्कळ जण तिच्याकडे दुसरी भाषा म्हणूनच आले, म्हणून असेल.

निजामाच्या राज्यात उर्दू ही शाळेची आणि कचेरीची भाषा. १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं, आणि त्या राज्यातला मराठी माणूस घरी ज्ञानेश्वरी, दप्तरात उर्दू आणि रस्त्यावर दखनी असा राहिला. त्यात एकदम भाषांच्या मागेच लागलेली माणसंही निघाली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी इथं सनदी नोकरीत होते. इतिहास आणि उर्दू कविता यांवर ते लिहीत राहिले. पण आदिलाबादच्या जंगलात नेमणूक झाली तेव्हा गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांची व्याकरणं लिहिली. अधिकारी म्हणून गेलेल्या माणसानं तिथल्या लोकांच्या क्रियापदांचे तक्ते मांडत बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मौलवी अब्दुल हक यांनी आयुष्यातली बरीच वर्षं औरंगाबादेत काढली. उर्दूचं व्याकरण त्यांनी लिहिलंच, शिवाय मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावरही एक पुस्तक लिहिलं. मोटूरि सत्यनारायण हे तेलुगू गृहस्थ, आणि आग्र्याचं केंद्रीय हिंदी संस्थान उभं राहिलं ते त्यांच्या धडपडीतून. बदरीविशाल पित्तींनी १९४९पासून 'कल्पना' हे हिंदी मासिक काढलं ते याच शहरातून. पी. व्ही. नरसिंह रावांनी विश्वनाथ सत्यनारायणांची 'वेयि पडगलु' ही कादंबरी 'सहस्रफण' नावानं हिंदीत आणली, आणि आपल्या हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. तेलुगू घरात जन्मून मराठी वाचणारा आणि हिंदीत लिहिणारा माणूस. त्यांनी 'ने' कधी गाळला नसणार, पण लिंगाच्या पाठाला तेही एकदा बसलेच असतील.

इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय मी लहानपणापासून पाहते आहे. तिथं जाताना माझे वडील, अण्णा, वाटेत दुकानदारांशी दखनीत बोलत, आत शिरल्यावर मराठीत, आणि घरी येऊन हिशेबाची वही उर्दूत लिहीत. आम्हा भावंडांना त्यात वेगळं काही वाटत नसे. हिंदी आली ती शाळेत, 'हमारी हिंदी' छापाच्या पुस्तकांतून, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक नामानंतर एक मोकळी जागा सोडून. 'राम को', 'घर में', 'पेड़ पर'. मराठी प्रत्यय नामाला चिकटून बसतो, आणि बसताना नामाचं अंगही बदलतो: घर, घराला, पुणे, पुण्याहून. हिंदीत बहुतेक नामं जशीच्या तशी राहतात आणि प्रत्यय एक बोट अंतरावर उभा असतो. सर्वनाम आलं की मात्र 'मुझको', 'उसको' असा बिलगतो. आजही माझ्या वर्गातले मराठी मुलगे 'रामको' असं जोडून लिहितात. मी एक उभी रेघ मारून त्यांना वेगळं करते. ती रेघ मारायला मला हंसपदाइतकं कधी आवडत नाही.

हिंदीची एक गोष्ट मात्र मला शिकवताना दर वेळी खुपते. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा उपाशी आहे. 'आपण जेवू' म्हटलं की त्याचं पान मांडलेलं आहे. तेलुगूत हेच 'मेमु' आणि 'मनमु'. वर्गातल्या एकूणएक माणसाच्या घरी हा भेद आहे, अगदी लहान मूलही त्यात चुकत नाही. आणि हिंदीच्या पुस्तकात दोन्हींसाठी एकच 'हम'. मी फळ्यावर सर्वनामांचा तक्ता लिहिते, 'मैं'च्या समोर 'हम', आणि सगळे मुकाट्यानं उतरवून घेतात. पहिल्या बॅचला मास्टारुंनी विचारलं होतं, "दुसरा 'हम' कुठे आहे?" नाही, म्हटलं. ते थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग नांदेडचा मुलगा म्हणाला, "काकू, 'अपन' है ना." आहे. दखनीत आहे, बाजारात आहे, मुंबईच्या बोलण्यातही आहे. 'चलो, अपन चलते' म्हटलं की त्यात समोरचा धरलेला असतो. प्रबोधच्या पुस्तकात तो नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात आले, बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद मुंबई राज्यात. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली. आमचे काका तिकडे गेले, अण्णा इथंच राहिले. काकूची पत्रं येत, ती आईनं एका डब्यात ठेवली होती, आणि मोठेपणी मी ती क्रमानं वाचली. सुरुवातीच्या पत्रांत 'आपल्याकडे गुलमोहर फुलला असेल', 'आपल्या आबिड्सला जाऊन एक लुगडं घ्या' असं असे. मग काही पत्रांत तो शब्दच टाळलेला दिसतो, नुसतं 'तिकडे' आहे. आणि त्यानंतर 'तुमच्या हैदराबादला ऊन फार असेल.' काकू प्रेमळ होती, शेवटपर्यंत होती. तिच्या मनात काही तुटलं होतं असं मला वाटत नाही. पण सर्वनामं माणसाच्या नकळत जागा बदलतात, आणि मराठीत ते लपवता येत नाही. तीच पत्रं तिनं हिंदीत लिहिली असती तर सगळीकडे 'हम' आलं असतं आणि मला काहीच कळलं नसतं. यात हिंदीचं उणं काही नाही. तिच्याकडे बोलायच्या वेळी समोरच्याकडे बघून ठरवायची मोकळीक आहे, एवढंच म्हणता येईल. पण ज्याच्या घरी दोन 'आम्ही' आहेत त्याला एकावर भागवायला सांगताना माझा आवाज थोडा खाली जातो.

गेल्या महिन्यात 'मेरा परिवार' हा पाठ घेतला. दहा ओळी लिहून आणायच्या होत्या. नर्सच्या वहीत सुरुवात अशी होती: 'मुझे दो भाई हैं। मुझे एक बहन है। मुझे माँ नहीं है।' मराठी वाचकाला यात खटकण्यासारखं काही नाही. 'मला दोन भाऊ आहेत, मला आई नाही', असंच आपण म्हणू. तेलुगूतही 'नाकु अम्म लेदु'. दोन्हीकडे माणूस 'ला'मध्ये उभा असतो आणि त्याच्याजवळ भाऊ असतात, ताप असतो, भूक लागते, आई नसते. हिंदी इथं बारीक निवड करते. भूक, ताप, आठवण, काळजी ही 'मुझे'. पैसा, वेळ, छत्री ही 'मेरे पास'. नाती 'मेरे', 'मेरी'. 'मुझे बुखार है', 'मेरे पास पैसे नहीं हैं', 'मेरे दो भाई हैं'. ही निवड मला फार सुंदर वाटते. ताप अंगावर येतो, पैसा जवळ असतो, भाऊ माझाच असतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे संबंधकारकाच्या प्रकरणात चार ओळींत उरकतात.

मी पहिली ओळ सुधारली, दुसरी सुधारली. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवला आणि 'मेरी माँ नहीं हैं' असं लिहिलं. लिहून झाल्यावर मला ते वाक्य वाचून बघावं लागलं. पुढेमागे काही नसेल तर 'या माझ्या आई नव्हेत' असाही त्याचा अर्थ निघतो. मराठीत 'मला आई नाही' म्हटल्यावर दुसरा अर्थ निघतच नाही. मी तिला म्हटलं, की 'मेरी माँ अब नहीं रहीं' असंही लिहिता येईल, ते अधिक स्पष्ट होईल. तिनं तेही खाली उतरवून घेतलं. मग तिचं बोट माझ्या लाल अक्षरांवरच्या अनुस्वारापाशी थांबलं.

"मॅडम, माँ तो एकीच थी ना. फिर 'हैं' कायकू?"

आदरार्थी बहुवचन, मी सांगितलं. वडील, गुरू, आई यांच्यासाठी पुस्तकी हिंदीत एका माणसालाही अनेकवचन लागतं. मराठीत वडील आले म्हणतो ना, तसंच. पण आई आली, असं म्हणतो. आईला आपण अनेकवचन देत नाही. हे मी तिला सांगितलं, आणि तिनं सांगितलं की त्यांच्याकडेही अम्मला एकवचनच. नांदेडचा मुलगा मधेच म्हणाला, की त्याची आजी तिच्या आईला 'आई आल्या' म्हणायची. मास्टारुंनी वहीतून डोकं वर काढलं आणि तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली, बहुधा त्यांच्या लहानपणीच्या घराबद्दल. मला अर्धंच समजलं. दोघी बहिणींमध्ये तेवढ्यात वाद लागला होता, की आपली आई आपल्या आजीला काय म्हणते, 'नुव्वु' की 'मीरु'. मोठी म्हणत होती 'मीरु', धाकटी म्हणत होती, फक्त पाहुणे आले की. साडेसात वाजून गेले होते आणि फळ्यावर अजून 'चाहिए' राहिला होता.